बस्तीची पिशवी आणि नर्सबाईंची वही

आपल्या शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या आतड्याला फारसे मानाचे स्थान नाही. हृदयाला स्वतंत्र धडा असतो, मेंदूला आकृती असते. मोठ्या आतड्याच्या वाट्याला 'पाणी शोषणे व मळ साठवणे' एवढे एक वाक्य येते. पण वैद्यकाच्या इतिहासात हा अवयव मागे नाही. गेली दोन-तीन हजार वर्षे वैद्यांचे, डॉक्टरांचे आणि घरच्या वडीलधाऱ्यांचेही त्याच्याकडे बारीक लक्ष राहिले आहे. 'पोट साफ तर सगळे साफ' हा विश्वास इजिप्तपासून कोकणापर्यंत सर्वत्र आढळतो. आपल्याकडे ठरावीक दिवशी मुलांना रांगेत बसवून एरंडेल पाजण्याची रीत होतीच. तान्ह्या बाळाला शी झाली नाही, तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून वापरणाऱ्या आज्या अनेकांनी पाहिल्या असतील.

आतडे साफ करण्याचा हा इतिहास आपण एका वेगळ्या प्रश्नासाठी पाहणार आहोत. उपचार ठरवतो एक आणि करतो दुसराच, अशी व्यवस्था वैद्यकात कशी आली? डॉक्टर समोर नसताना, त्याने आधीच मान्य केलेल्या लेखी सूचनेवरून परिचारिकेने उपचार करावा, या पद्धतीला 'स्थायी आदेश' किंवा रुग्णालयातल्या रोजच्या भाषेत 'स्टँडिंग ऑर्डर' म्हणतात. एनिमा हे तिचे एक जुने उदाहरण आहे. आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाड्यासारख्या तालुक्यांत हा प्रश्न आजही जीवनमरणाचा आहे.

बस्ती म्हणजे काय?

'बस्ती' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मूत्राशय. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात गुदमार्गाने औषध देण्याची पद्धत विस्ताराने सांगितली आहे. त्यासाठी बैल, म्हैस, हरीण, डुक्कर, बोकड अशा प्राण्यांचे मूत्राशय स्वच्छ करून पिशवीसारखे वापरत. साधनाचे नाव उपचारालाच मिळाले. पिशवीच्या तोंडाला जी नळी बांधायची, ती 'बस्तिनेत्र'. तिची लांबी वयानुसार वेगळी असे: सहा वर्षांच्या मुलासाठी सहा अंगुळे, बारा वर्षांच्या मुलासाठी आठ, वीस वर्षांच्या तरुणासाठी बारा. नळी फार आखूड, फार जाड, वाकडी किंवा झिजलेली असली तर काय बिघडते, याची यादीही ग्रंथात आहे. नळीचे आठ दोष, पिशवीचे आठ दोष आणि देणाऱ्याच्या हातून होणारे दोष वेगळे.

या उपचाराने वात शमतो की नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. वयानुसार माप, साधनाची तपासणी आणि चूक झाल्यास होणारे अपाय, या तिन्ही गोष्टी लिहून ठेवण्याची गरज त्या काळच्या वैद्यांना वाटली होती. जे काम पुन्हा पुन्हा आणि अनेकांच्या हातून होणार, ते लेखी नियमांत बांधावे लागते. स्थायी आदेशामागची कल्पना याहून फार निराळी नाही.

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये या कामाची सरळ वाटणी झालेली दिसते. वैद्य चिठ्ठी लिहून देई आणि औषधविक्रेता धातूची मोठी पिचकारी घेऊन रुग्णाच्या घरी जाई. या पिचकाऱ्यांचे वेड इतके वाढले होते, की नाटककार मोलिएरला त्यात विनोदाची खाण सापडली. त्याच्या १६७३ सालच्या शेवटच्या नाटकाचा पडदा वर जातो, तेव्हा काल्पनिक आजारांनी पछाडलेला नायक औषधविक्रेत्याचे बिल तपासत बसलेला असतो आणि त्या बिलात एनिमांची रांग लागलेली असते. ठरवणारा वेगळा, करणारा वेगळा आणि पैसे मोजणारा तिसराच, अशा व्यवस्थेत 'याची खरोखर गरज आहे का?' हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

थोडे भौतिकशास्त्र

एकोणिसाव्या शतकात रबराची नळी आली आणि पिचकारीची जागा एनिमा कॅनने घेतली. हे साधन शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण ते केवळ गुरुत्वाकर्षणावर चालते. मुलाम्याचे डबे, खाली तोटी, तोटीला रबरी नळी. पाणी किती जोराने आत शिरणार हे डब्याच्या आकारावर अवलंबून नसते. ते डबा किती उंच धरला आहे, यावर ठरते. रुग्णाच्या पातळीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंची पुरेशी मानतात. पाण्याच्या ४५ सेंटिमीटर उंच स्तंभाचा दाब सुमारे ३३ मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. घाईने डबा हात वर करून तिप्पट उंचीवर धरला, तर दाबही तिप्पट, म्हणजे सुमारे ९९ मिलिमीटर होतो. रुग्णाच्या पोटात कळ येते, क्वचित आतड्याला इजाही होऊ शकते.

रुग्णाला डाव्या कुशीवर का निजवतात? मोठ्या आतड्याचा खाली उतरणारा भाग पोटाच्या डाव्या बाजूला असतो. डाव्या कुशीवर निजल्यावर पाणी त्या भागात उताराने जाते. साबणाचे पाणी वापरले तर आतड्याचे अस्तर चुरचुरते आणि आकुंचन वाढते. पण त्यामुळे अस्तराला दाह झाल्याचीही उदाहरणे आहेत. नुसते साधे पाणी वारंवार व भरपूर दिले तर ते शोषले जाऊन रक्तातले सोडियम खाली येऊ शकते. म्हणजे 'नुसता एनिमा तर आहे' असे म्हणण्याइतकी ही क्रिया निरुपद्रवी नाही. म्हणूनच ती शिकलेल्या हातांनी करायची असते, आणि परिचारिकांच्या शिक्षणात तिला स्थान मिळाले.

परिचारिका येते

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. पुढे मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. शिकलेल्या परिचारिका व प्रसविका रुग्णालयांत दिसू लागल्या, तसे अंगाला हात लावून करायची बरीचशी कामे त्यांच्याकडे आली. डॉक्टर वॉर्डात दिवसातून एक-दोनदा फेरी मारणार. रुग्ण मात्र चोवीस तास तिथेच. प्रत्येक वेळी डॉक्टरला बोलावणे अशक्य. तेव्हा नेहमीच्या कामांसाठी कायमच्या सूचना ठरल्या: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री एनिमा, बाळंतपणासाठी दाखल झालेल्या बाईला एनिमा.

बाळंतपणातल्या एनिमामागे तीन कारणे सांगितली जात. आतडे रिकामे झाले की बाळाला वाट मोकळी होते, कळा जोर धरतात आणि प्रसूतीच्या वेळी विष्ठेचा संसर्ग टळतो. तिन्ही ऐकायला पटण्यासारखी. त्यामुळे विसाव्या शतकाचा बराच काळ ही सूचना अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांत टिकून राहिली. बाई दाखल झाली की प्रथम केस काढायचे, मग एनिमा, मग अंघोळ. कळा देणाऱ्या बाईला नळी लावून मग संडासाकडे धाडताना तिला काय वाटत असेल, हे सूचनेत कुठे लिहिलेले नसे.

१९८१ साली इंग्लंडमधल्या रॉम्नी आणि गॉर्डन या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २७४ स्त्रियांची पाहणी केली. काहींना एनिमा दिला, काहींना दिला नाही. प्रसूतीचा कालावधी आणि संसर्ग या बाबतींत एनिमाचा उपयोग दिसला नाही. पुढे इतर देशांतही चाचण्या झाल्या. कॉक्रेन संस्थेच्या २०१३ सालच्या आढाव्यात चार चाचण्या आणि १९१७ स्त्रिया एकत्र मोजल्या गेल्या. आईच्या वा बाळाच्या संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधीच, १९९६ साली, जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसाधारण प्रसूतीवरील आपल्या मार्गदर्शिकेत सरसकट एनिमाला अपायकारक किंवा निरुपयोगी, म्हणून बंद कराव्या अशा प्रथांच्या यादीत टाकले होते.

हे काम इतकी वर्षे हजारो परिचारिकांनी निष्ठेने केले. त्यांचा हात चुकला नव्हता. आदेशच तपासून पाहिलेला नव्हता. स्थायी आदेशाचा गुण असा, की चांगला उपचार तो सर्वांपर्यंत नेतो. दोषही तोच: चुकीची गोष्टही तो तितक्याच इमानाने सर्वांपर्यंत नेतो.

डॉक्टर नसलेल्या डोंगरात

आता रुग्णालयाबाहेर येऊ. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज हिने १९२५ साली एक परिचारिका सेवा सुरू केली. रस्ते नव्हते, परिचारिका घोड्यावर बसून नाले ओलांडत बाळंतपणाला जात. डॉक्टर दूर. म्हणून डॉक्टरांच्या सल्लागार समितीने मंजूर केलेली एक पुस्तिका त्यांच्याजवळ असे. कोणत्या लक्षणाला काय द्यायचे, किती द्यायचे आणि कोणत्या क्षणी सगळे सोडून डॉक्टरकडे निरोप धाडायचा, हे तिच्यात लिहिलेले होते. रुग्णालयात डॉक्टरचा वेळ वाचवणारा आदेश इथे डॉक्टरच्या जागी उभा होता.

हे वर्णन वाचताना जव्हार-मोखाड्याची आठवण होणे साहजिक आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर दोन्ही तालुके त्यात गेले. सह्याद्रीच्या उतारावरचा हा मुलूख. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण अवघड रुग्णाला पुढे पाठवायचे झाले तर नाशिकचा रस्ता धरावा लागतो आणि जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. २०२२ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर दिवस भरण्याआधी घरीच जन्मलेली जुळी दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला झोळीतून चिखलवाटेने रस्त्यापर्यंत न्यावे लागले, हेही वर्तमानपत्रांत आपण वाचले.

सरकारी मापाप्रमाणे आदिवासी व डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. उपकेंद्रात डॉक्टर असेलच असे नाही. तिथे असतात ए. एन. एम., म्हणजे गावच्या भाषेत नर्सबाई. पाड्यावरची बाई अडली की पहिला शिकलेला हात त्यांचाच पोहोचतो. त्या हातात काय द्यायचे आणि काय करण्याची मुभा द्यायची, हा या भागातला खरा प्रश्न आहे.

गडचिरोलीचा धडा

या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातूनच आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. या आरोग्यदूत बाळाचे वजन करीत, ताप व श्वास मोजीत, बाळाला ऊब देत आणि जंतुदोषाची ठरलेली लक्षणे जमली तर, आईवडिलांच्या संमतीने, जेन्टामायसिनचे इंजेक्शनही देत. सुरुवातीला या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो सुमारे ६० होता. १९९९ साली हे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले.

यात जादू नव्हती. लक्षणे मोजकी आणि मोजता येण्यासारखी होती. औषधाचे प्रमाण वजनावरून ठरलेले होते. प्रत्येक भेटीची नोंद वहीत होती आणि ती वही तपासायला डॉक्टर येत होते. चरकाच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे माप, साधन आणि अपाय, इथेही होत्या. शिवाय चौथी एक गोष्ट होती, जी प्रसूतिगृहातल्या एनिमाच्या आदेशात फार उशिरा आली: तुलना करून घेतलेली परीक्षा.

२०१४ साली केंद्र शासनाने ए. एन. एम.ना दोन नव्या परवानग्या दिल्या. लहान बाळात जंतुदोषाची लक्षणे दिसली तर रुग्णालयात पाठवण्यापूर्वी जेन्टामायसिनचा पहिला डोस द्यायचा आणि पाठवणे शक्यच नसेल तर सात दिवसांचा पूर्ण उपचार करायचा, ही पहिली. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या गरोदर बाईला अकाली कळा सुरू झाल्या तर तिला पुढे पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन द्यायचे, ही दुसरी. या औषधाने गर्भाची फुप्फुसे लवकर तयार होण्यास मदत होते, हे मोठ्या रुग्णालयांतून सिद्ध झालेले होते.

मग गोष्ट इथे सुखान्त संपायला हवी होती. पण विज्ञान तसे चालत नाही. २०१५ साली सहा देशांतल्या सुमारे एक लाख जन्मांचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात भारतातले नागपूर आणि बेळगाव हे विभागही होते. साध्या आरोग्य केंद्रांतून हेच औषध सर्वत्र पोहोचवल्यावर फार लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारी सुमारे साडेतीनने वाढले. एक अडचण स्पष्ट होती: सोनोग्राफीशिवाय किती आठवडे भरले हे नीट कळत नाही, त्यामुळे औषध मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे तेवढी लहान नव्हतीच. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, हेच औषध दिले गेले. तिथे बाळांचा फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

औषध एकच. एका परिस्थितीत ते तारते, दुसऱ्या परिस्थितीत घात करू शकते. म्हणून 'मोठ्या रुग्णालयात चालते, तर उपकेंद्रातही चालेल' असे गृहीत धरून आदेश काढता येत नाही. आणि 'डॉक्टर नाही, तर काहीच करू नका' असेही म्हणता येत नाही. गडचिरोलीचे आकडे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. प्रत्येक आदेश जिथे वापरायचा, तिथल्या परिस्थितीत तपासावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो. मोखाड्याच्या पाड्यावरच्या आईला स्वस्तातला किंवा दुय्यम उपचार नको आहे. तिच्या पाड्यावर खरा ठरणारा उपचार हवा आहे. आणि त्यासोबत रस्ताही हवा आहे, कारण 'पुढे पाठवा' हे आदेशातले वाक्य रस्त्यावाचून नुसते कागदावर राहते.

वर्गात काय करता येईल?

दाबाचा धडा शिकवताना प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाशी छिद्र पाडून सलाइनची नवी, न वापरलेली नळी बसवा. बाटली वेगवेगळ्या उंचीवर धरून ठरावीक पाणी वाहून जायला लागणारा वेळ मुलांना मोजू द्या आणि आलेख काढू द्या. सलाइनची बाटली उंच का टांगतात, हे त्यांना आपोआप उमगेल.

दुसरा उपक्रम लिहिण्याचा आहे. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी कसे द्यावे, याची सूचना मुलांना लिहायला सांगा, पण अशी, की ती वाचून अनोळखी माणसाने चूक न करता काम करावे. किती पाणी, किती मीठ, कोणते लक्षण दिसले तर तडक दवाखाना, हे सारे त्यात हवे. नंतर वर्गमित्रांनी ती सूचना वाचून जसेच्या तसे करून पाहावे. 'चिमूटभर' म्हणजे किती, यावरून वर्गात जे वाद होतील त्यातून स्थायी आदेश लिहिणे किती जोखमीचे आहे, हे मुलांना कळेल.

आश्रमशाळांतल्या शिक्षकांना आणखी एक करता येईल. आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना एखाद्या दिवशी वर्गात बोलवावे. डॉक्टरला न विचारता त्या कोणकोणते उपचार करू शकतात आणि कोणत्या वेळी रुग्णाला लगेच पुढे पाठवतात, हे मुलांनी त्यांना विचारावे. मुलांच्या घरी पुढे कधी वेळ आली तर कोणाकडे धावायचे आणि काय मागायचे, हे त्यांना ठाऊक असेल.